घुबड मंडळाचा मालक

सामानकाका कुणाच्याही घरी गेले की आधी वस्तूंकडे बघत आणि मग माणसांकडे. एखादी वस्तू मनात भरली की ती उलटीपालटी करून घरच्या बाईला अगदी गंभीरपणे सांगत, "हे आपल्या नाटकातलं हाय. चुकून तुमच्या घरी राहून गेलं." आणि घेऊन जात. आमची तांब्याची परात अशीच गेली. आईचीही कमाल, तिने ती वर चिंचेने घासून दिली. मी तेव्हा कॉलेजात होते, सत्तर सालच्या पुढेमागे. मुलीने नाटकात काम करायचं नाही, असं म्हणणाऱ्या बाबांनी मला परवानगी दिली ती केवळ सामानकाका सोबत आहेत म्हणून. परातीबरोबर मीही गेले म्हणा ना.

दिवसा ते नागपुरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळ झाली की सायकलला पिशव्या लटकवून तालमीला हजर. आमच्या हौशी नाट्यमंडळाचं सगळं सामान, तलवारीपासून कपबशीपर्यंत, त्यांच्याच ताब्यात असे. पण पंधरा वर्षांत पडदा उघडा असताना त्यांनी रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. तरुणपणी गणपतीतल्या एका नाटकात त्यांना एकच वाक्य होतं. ते विसरले, नुसते उभे राहिले आणि सगळा मांडव हसला. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं. "ते हासणं अजून मले ऐकू येते पोरी," म्हणाले आणि बशा पुसत राहिले.

त्या वर्षी आमचे दिग्दर्शक सर स्वतः लिहिलेलं नाटक स्पर्धेत उतरवत होते. घुबड मंडळ नावाची गुप्त संघटना, तिचे सात सभासद, आणि सभासदाची खूण म्हणजे पितळी अंगठी. मंडळाचा मालक कधीच कुणाला दिसत नाही, पण नाटकभर सगळे त्याच्या नावाने चळचळा कापतात. शेवटी फितूर शोधायला सातही जण आपापली अंगठी परातीत टाकतात. सहा खणकन वाजतात, सातवी नुसतं टक्क करते, कारण ती लाकडाची असते, वरून बेगड लावलेली. ती अंगठी माझी. फितूर मीच होते आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

आमचं नाट्यमंडळ चार वर्षं स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत गळत होतं. यंदाही गळलो तर मंडळ बंद, असं सरांनी बजावून ठेवलं होतं. आम्ही चार दिवस हळहळलो असतो आणि अभ्यासाला लागलो असतो. काकांचं मात्र संध्याकाळी जायचं ठिकाणच गेलं असतं.

मग काय, काकांना अंगठ्यांनी झपाटलं. "अंगठी दिसली नाही तं चालते, पण ऐकू आली पाह्यजे," हे त्यांचं म्हणणं. त्यांनी पत्र्याच्या केल्या, नळाचे तुकडे कापून केल्या. दर वेळी स्वतः शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसायचे, आम्ही अंगठ्या परातीत टाकायचो आणि मागून निकाल यायचा, "मेली." माझी लाकडाची तेवढी पहिल्या दिवशीच पास झाली होती.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही हॉलवर पोचलो तर काकांच्या तळहातावर पितळेच्या झकास अंगठ्या. परातीत टाकून पाहिल्या आणि अंगावर काटा आला, असा तो आवाज. आकाराने मोठ्या होत्या म्हणून हाताच्या अंगठ्यात घालायचं ठरलं. सर तर खूशच झाले, हे जास्त गूढ दिसतं म्हणाले. सहा जणांना सहा दिल्या आणि एखादी हरवली तर असावी म्हणून सातवी काकांनी आपल्याच अंगठ्यात चढवली. कुठून आणल्या असं विचारलं तर म्हणाले, "आपल्या नाटकातल्याच होत्या. चुकून इथं राहून गेल्या होत्या." पुढे कुणी खोदून विचारलं नाही, घाई होती.

तिसरा अंक असा काही रंगला की आजही सांगताना माझा श्वास वर चढतो. एकेक सभासद परातीपाशी येत होता. खण. खण. खण. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सहा झाल्या. मी हात पुढे केला. टक्क. पार मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे बापरे" म्हणालेलं मला स्टेजवर ऐकू आलं. आता फक्त पडदा पडायचा होता. डावा पडदा सरसरत मध्यापर्यंत आला. उजवा दोन हात आला, वरून सुटला आणि वाळत घातलेल्या लुगड्यासारखा लोंबत राहिला. मी वर पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकांच्या अंगठ्या म्हणजे त्याच पडद्याच्या कड्या होत्या. उरलेल्या कड्यांनी दोन अंक कसाबसा भार सोसला होता.

आम्ही सातही जण होतो तिथे थिजलो. दिवेवाल्याला दिवे घालवायचं सुचेना. विंगेत सर डोकं धरून बसलेले दिसत होते. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग त्याच्या शेजारचा हसला. संपलं, गळलो आपण, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात उजव्या विंगेतून काका बाहेर आले. अंगात दवाखान्याचा पांढरा कोट, पाय अनवाणी आणि लोंबता पडदा खांद्यावर. मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत ते तो पडदा ओढत आणत होते. पडदा धरलेला हात उंच होता आणि त्या हाताच्या अंगठ्यात पितळी अंगठी चमकत होती. हसणं थांबलं. मग अंधारात कुणीतरी हळूच म्हणालं, "मालक." तो शब्द एका रांगेतून दुसऱ्या रांगेत मागे मागे जाताना मला ऐकू येत होता.

माझ्याजवळ आल्यावर ते ओठ न हलवता म्हणाले, "हालू नको वं पोरी." मी कसली हलते! त्यांनी दोन्ही पडद्यांच्या कडा मुठीत धरून मिटल्या आणि बाहेर टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. पडद्याआड काका मटकन खाली बसले.

"लोकाइनं पाह्यलं काय मले?"

"पाहिलं, काका."

"हासले काय?"

"नाही," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

परीक्षकांनी सरांच्या कल्पकतेची तोंडभरून स्तुती केली. ज्याला सगळे घाबरतात तो मालक शेवटी साधा अनवाणी माणूस निघतो, काय विचार आहे! सरांनी ती स्तुती नम्रपणे पदरात पाडून घेतली. आम्ही पुढच्या फेरीत गेलो आणि मंडळ वाचलं. त्या फेरीत मात्र काकांनी स्टेजवर यायला साफ नकार दिला. मालक एकदाच दिसतो, म्हणाले. त्यांच्याऐवजी काळी शाल पांघरलेला एक उंच गडी पाठवला, तर लोक पोट धरधरून हसले.

काकांनी दुसऱ्याच दिवशी शिडी लावून सहा कड्या हॉलच्या पडद्याला परत अडकवल्या. सातवी त्यांच्या जाड अंगठ्यातून निघेना. साबण लावला, तेल लावलं, काही उपयोग नाही, असं ते सांगत. त्यांनी साबणाला हात तरी लावला होता की नाही, याची मला शंकाच आहे.

पुढे लग्न होऊन मी नागपूर सोडलं. पंधराएक वर्षांनी काका गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या खोलीवर गेले. पारशिवनीहून आलेला त्यांचा पुतण्या सामान आवरत होता. भिंतीला टेकून आमची परात उभी होती. आजारात काकांचा हात फार वाळला, त्यामुळे अंगठी शेवटी आपोआप गळून पडली, असं तो म्हणाला. त्याने ती माझ्यापुढे धरली.

"हे काय हाय ताई? सोनं तं नाही दिसत."

मी ती घेतली आणि परातीत टाकली. खण्ण करून वाजली. पुतण्या माझ्याकडे बघतच राहिला.

"हे आमच्या नाटकातलं आहे," मी त्याला सांगितलं, "चुकून त्यांच्याजवळ राहून गेलं."

परात मी त्यालाच ठेवायला सांगितली आणि अंगठी घेऊन आले. ती मला फार ढिली होते, तरी मी घालते. सगळ्या घुबड मंडळात माझीच एकटीची लाकडाची होती.