बाबांच्या गुडघ्याचे सातशे रुपये

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यात घोड्याची किंमत सांगणारी माणसं गल्लोगल्ली होती. माणसाच्या गुडघ्याची किंमत सांगणारा मात्र आमच्या घडियाळी पोळेत, म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेल्या आमच्या गल्लीत, एकच होता, तो म्हणजे माझा काका. काका कचेरीत कारकून होता आणि त्या जोरावर स्वतःला अर्धा न्यायाधीश समजायचा.

गुडघा माझ्या बाबांचा. बाबा एका सरदारांच्या पागेत नवी घोडी शिकवायचे. आमचे आजे-पणजे शिलेदार. तलवारी गेल्या, पण घरातला ताठा काही गेला नव्हता. एका सकाळी कापडाच्या एका शेठची बग्गी पोळेच्या तोंडाशी उधळली आणि चाक बाबांच्या गुडघ्यावरून गेलं. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि बजावलं, तीन महिने या पायावर भार टाकलात तर जन्माचे अधू व्हाल. सरदारांना तेवढा दम नव्हता. त्यांनी दुसरा माणूस ठेवला.

काकानं दौत-टाक घेऊन हिशेब मांडला. वैद्य, तेल, लेप, मग चार वर्षांचा पगार. दुखण्याचे किती धरायचे यावर मात्र गाडी अडली. आई चुलीपासून म्हणाली, "भावोजी, एक रात्र यांच्या उशाशी बसा, म्हणजे आकडा सुचेल." काकानं मुकाट्यानं पन्नास धरले. एकूण सातशे झाले.

त्या सातशेवर आईचं सगळं ठरलेलं होतं. निजामपुऱ्याला मामाच्या गोठ्यात दोन म्हशी बांधायच्या आणि दुधावर घर चालवायचं. दुसरा आधार नव्हताच. पण बाबांना आकडा पटेना.

"सातशेत तर शेठची ती घोडी येईल," ते म्हणाले. "एका गुडघ्याचे तेवढे मागायची मला लाज वाटते."

"दादा, घोडीला बायकापोरं नाहीत," काका म्हणाला.

कज्जेकचेरी नको म्हणून शेठनं स्वतःच बोलणी करायला येतो असा निरोप धाडला. आदल्या दिवशी काकानं बाबांची उजळणी घेतली. खाटेवरून उठायचं नाही, आणि मधूनमधून कण्हायचं.

"कण्हायचं?" बाबांनी असं विचारलं, जसं काही त्यांना लुगडं नेसायला सांगितलं होतं.

शेठ मुनीमाला घेऊन आला आणि दारातूनच पायाची चौकशी करत म्हणाला, "केम छो, भाई? पग केम छे?"

"सारुं छे, शेठ, एकदम सारुं छे," पाय अगदी छान आहे, म्हणत बाबा उठून बसले. काकानं कपाळाला हात लावला.

चहा झाला. काकानं सातशेचा कागद वाचून दाखवला. "विचार करीए," म्हणत शेठ उठला. आणि पाहुणा उठला की त्याला पोळेच्या दरवाज्यापर्यंत पोचवायचं, ही आमच्या घरची रीत. बाबांनी पागोटं चढवलं. आईनं काठी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. घोड्यांच्या गप्पा मारत ते अख्खी पोळ शेठच्या बरोबरीनं चालत गेले. मी मागे होते. घामानं भिजून पाठीला चिकटलेला त्यांचा सदरा मला दिसत होता. शेठला आणि मुनीमाला फक्त चाल दिसत होती.

"शेठ, आ तो घोडानी जेम चाले छे!" बाबांची घोड्यासारखी चाल बघून मुनीम म्हणाला. शेठनं हसून शंभर रुपये पुढे केले. दरवाज्यात उभं राहून घासाघीस करणं बाबांना शोभलं नसतं, तेव्हा त्यांनी तिथंच, आता काही येणं उरलं नाही अशा पावतीवर सही केली. काका धावत पोचला तेव्हा बग्गी वळणापलीकडे गेली होती आणि बाबा जमिनीवर कोसळले होते.

चौघांनी त्यांना उचलून आणलं. सांधत आलेलं हाड निसटलं होतं. हा पाय आता कधी वाकायचा नाही, असं हाडवैद्यानं सांगितलं. "आता हजारसुद्धा मिळाले असते," काका रडवेला होऊन म्हणाला. पण पावती शेठच्या खिशात होती.

आई लेप उगाळायला आत गेली तेव्हा बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"मी पडलो तेव्हा शेठनं वळून पाहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा खुलला. मला त्यांचा भयंकर राग आला, इतका की त्या दिवशी मी त्यांच्याशी पुन्हा बोललेच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आईनं शेजारणींची दळणं दळायला घेतली.