पाहायला गेलो फुलचूरला

हसायचं तर हसा, पण आधी कपातला चहा संपवा. मागे हा किस्सा सांगताना एकाला असा ठसका लागला की माझं नवं धोतर रंगलं!

गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या सात-आठ वर्षांतली. मी नागपूरला मानसशास्त्रात पीएच.डी. करत होतो. नुसती पुस्तकं वाचून भागणार नाही, काही महिने खऱ्या माणसांत काढा, असा आमच्या प्राध्यापकांचा हुकूम. शिकायला जायच्या जागा चार प्रकारच्या: मनोरुग्णालय, तुरुंग, शाळा आणि साधा दवाखाना. मनोरुग्णालय हुशार मुलाला मिळालं, तुरुंग धाडसी मुलाला, शाळा प्राध्यापकांच्या भाच्याला. उरलो मी आणि उरला गोंदियाचा एक दवाखाना. जोडी कशी शोभून दिसत होती!

दवाखान्याचे डॉक्टर वयस्कर, फार न बोलणारे. तिथे खोकला येई, ताप येई, विंचू चावलेले येत. मनाचं दुखणं घेऊन कोण येणार? आणि एक तरी पेशंट नीट तपासल्याशिवाय माझं प्रशिक्षण पुरं होणार नव्हतं. शेवटी एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "फुलचूरला बिसेनांकडे जा. त्यांची पोरगी बोलायचीच बंद झालीय. पाहून ये. उगाच शहाणपण करू नकोस."

कोट चढवला, सायकल काढली. फुलचूरच्या वेशीवर एक म्हातारा बसला होता. विचारलं, "बिसेनांचं घर कुठे?"

"कोनते बिसेन? अर्धं गाव बिसेनच हाये जी!"

"ज्यांच्या मुलीला पाहायला यायचं होतं ते."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "अस्सं! पोरगी पाहाले आले का? मंग तसं सांगा ना!"

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? पाहायलाच गेलो होतो ना मी?

घरात काय थाट! बाजेवर नवी चादर, बशीत पोहे, वर करंजी. मुलीचे वडील स्वतः पाय धुवायला पाणी घेऊन आले. मी मनात म्हटलं, बिचारे फार घाबरलेत. पेशंटच्या घरच्यांचं असंच होतं, पुस्तकात दिलंय.

मग मुलगी आली. डोक्यावर पदर, नजर जमिनीला, हातातली कपबशी थरथरतेय. वा! सगळी लक्षणं एकाच ठिकाणी!

"नाव काय?"

"कुसुम." आवाज मुंगीचा. पण बोलली! मला काय आनंद झाला!

"आपण आता कुठे बसलोय?"

ती गोंधळली. "आमच्या घरी."

"शंभरातून सात गेले?"

"त्र्याण्णव."

"परत सात?"

"शहाऐंशी."

"चौथी पास हाये जी!" वडील छाती फुगवून म्हणाले.

मुलीच्या आत्याबाई दारातून म्हणाल्या, "चालून दाखव वं बाई त्यायले." किती समजूतदार कुटुंब! चाल तपासायची असते हे यांना न सांगता माहीत!

"कोणी नसताना कानात आवाज येतात?"

"भावजी घोरते, तो येते," कुसुम म्हणाली.

मग मी खिशातून मन ओळखायच्या चाचणीचा, शाईच्या डागाचा कागद काढला. "यात काय दिसतं?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. आधी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शाई सांडली ना तुमची."

"कोरा कागद नाही भेटला का जी?" आत्याबाई हळहळल्या.

मी समाधानानं कागदाची घडी घातली. "काळजी करू नका. मुलगी सुधारेल. फक्त रोज तासभर तिला माझ्याकडे एकटीला पाठवा."

वडिलांच्या हातातला तांब्या खाली आला. "लगनाच्या आंधी?"

"लग्नाचं इतक्यात नावच काढू नका. आजार उलटला म्हणजे?"

"कोनता आजार? कोनाले?" वडील उठून उभे राहिले. "कोन होय जी तू? कायले आला आमच्या घरी?"

तेवढ्यात अंगणात दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, थांबली. त्यातून फेटेवाले पाहुणे उतरले आणि त्यांच्यामागून, माझ्यासारखाच कोट घातलेला, खरा नवरदेव. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गप्प झालेली पोरगी पलीकडच्या गल्लीतल्या बिसेनांची होती हो!

सायकलवर कसा बसलो ते आठवत नाही. मागून कुसुमचा आवाज मात्र खणखणीत आला, "बाबा, मारू नका जी त्यायले! बिमार दिसते बिचारा!"

कुसुमचं लग्न त्याच बैठकीत जमलं. पाहुण्यांनी काहीही विचारलं तरी तिला सोपंच वाटलं म्हणे! दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः मला घेऊन खऱ्या पेशंटकडे गेले. ती मुलगीही पुढं बोलू लागली, माझं प्रशिक्षण मार्गी लागलं. प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो होतो.

कुठचं काय! एका बाजाराच्या दिवशी स्टेशनजवळ पान खात उभा होतो. फुलचूरच्या दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी येऊन प्रेमानं माझे दंड धरले.

"चाला भाऊ, दवाखान्यात."

"अहो सोडा! मी तिथे शिकतो! मी लोकांची मनं तपासतो!"

"हाओ, हाओ. तपासता ना. चाला." जितकं समजावून सांगावं तितकी पकड घट्ट!

अख्ख्या बाजारातून वरात निघाली. दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी मला डॉक्टरांच्या हवाली केलं. "सांभाळा जी, सुटून फिरून राहिला होता."

मी मोठ्या आशेनं डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी माझ्यावरून शांतपणे नजर फिरवली, त्या दोघांना नमस्कार केला आणि काळजीनं विचारलं, "वाटेत कोणाला चावला तर नाही ना?"