भिंतीपलीकडचा ऑर्गन

चार माणसांना एकच वेड लागलं की किस्से चिंध्यांसारखे साचतात. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे मला माहीत आहे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी मशीनखाली पुन्हा ढीग!

आमचं वेड ऑर्गनचं. जुन्या विलायती रॉक म्युझिकमधला ऑर्गन. कपाटाएवढं लाकडी धूड, पट्ट्यांच्या दोन रांगा, पायाखाली आणखी पट्ट्या, आणि शेजारी आतल्या आत गरगर फिरणारा स्पीकर. आमच्या चौघांपैकी कोणीही तो समोर बसून ऐकलेला नाही. जळगावात कुठून येणार? आम्ही ऐकतो मोबाईलवर, रफिकभाईंच्या दुकानात. रफिकभाई बाजाच्या पेट्या दुरुस्त करतात. त्यांचं आणि माझं दुकान एकमेकांना चिकटून, मधे एक विटेची भिंत.

*

मी या कंपूत शिरले ती भांडायला!

दुपारभर भिंतीतून घोंघों आवाज यायचा. एक दिवस एका गिऱ्हाईक बाईनं हळूच विचारलं, "अक्का, शेजारी कोणी गेलं का हो?" मी तशीच टेप गळ्यात अडकवून रफिकभाईंकडे गेले.

आत नाना बसलेले. नाना म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेले केमिस्ट्रीचे सर. पुण्याच्या हॉस्टेलवर तरुणपणी कुणाच्या तरी रेकॉर्डवर हा ऑर्गन ऐकला आणि तेव्हापासून कामातून गेले. मला म्हणाले, "बसा, हे एक ऐका, मग भांडा."

बसले. चहा आला, पिऊन झाला, कप विसळून परत गेले, तरी त्या ऑर्गनवाल्याचा एकट्याचा सोलो चालूच! मधे तो इतका खाली आला की वाटलं संपलं. मग तळातून एकच सूर उचलत उचलत असा वर नेला, की माझ्या हातावर काटा आला.

संपल्यावर नाना म्हणाले, "हं. आता भांडा."

मी म्हटलं, "परत लावा."

*

चौथा गौतम. दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासतो, लग्नसराईत बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवतो. जयंतीला तर त्याच्याशिवाय मिरवणूक हलत नाही.

एकदा दोंडाईच्याकडे वरात होती. खानदेशी गाणं जोरात चाललेलं. गौतमला काय हुक्की आली, त्यानं कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज लावला आणि मधेच तो विलायती सोलो घुसवला. ढोलवाला चक्रावला, पण त्यानं ताल सोडला नाही.

नवरदेवाचे आजोबा गाडीजवळ आले. "हाई काय वाजाडी ऱ्हायना रे भाऊ?"

गौतम म्हणाला, "विलायती आहे, आबा. बंद करू?"

"बंद कसाले? वाजाड!"

आणि आबा टोपी सावरून जे नाचायला लागले, ते थांबेचनात! त्यांना ओलांडून पुढे जायची कोणाची छाती? वरात तिथेच उभी. मांडवातून माणसं धावत आली, तोवर मुहूर्त टळलेला. बँडमास्तर गौतमला म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

पुढच्या सीझनला त्याच गावातून मास्तरला फोन आला. "लगीन शे. तो मुहूर्त टाळणारा पोऱ्या शे का अजून तुमच्याकडे?"

*

ऑर्गनचा खरा जीव त्या फिरत्या स्पीकरमध्ये असतो, असं नानांनी कुठेतरी वाचलं. आवाज फिरतो, म्हणून तो श्वास घेतल्यासारखा वाटतो. रफिकभाई म्हणाले, "इतनाच ना? बनवतो."

मे महिना. जळगावचा मे! त्यांनी घरातल्या कूलरचा पंखा काढला, मोटरीवर लाकडी चकती बसवली आणि चकतीवर छोटा स्पीकर. वायर फिरण्याबरोबर गुंडाळत जाणार हे आम्हा चौघांत कोणाच्याच लक्षात आलं नाही. केमिस्ट्रीच्या सरांच्यासुद्धा!

बटण दाबलं. आवाज डावीकडून उजवीकडे, भिंतीवर आपटून परत, आमच्या डोक्यांवरून फिरून गेला. अगदी क्षणभर. नानांनी डोळे मिटले. तेवढ्यात वायर तुटली आणि स्पीकर उडून कूलरच्या टाकीत, पाण्यात!

वर राहणाऱ्या भाभी जिना उतरून आल्या. सुट्या झालेल्या कूलरकडे बघितलं, घामानं निथळणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. आम्ही मान खाली घालून उभे.

भाभी म्हणाल्या, "फिर से लगाओ. ऊपर ठीक से सुनाई नहीं दिया."

*

पिंपळनेरच्या पुढे एका गावातल्या छोट्या चर्चमध्ये पायानं हवा भरायचा जुना ऑर्गन आहे, असं गौतमला कळलं. तो काही रॉकवाला नव्हे. पण ऑर्गन तर खरा! आम्ही चौघं एसटीनं निघालो. मी डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेतला होता.

चर्च सांभाळणारे म्हातारबुवा भले होते. म्हणाले, "वाजवा की. वाजला तर."

गौतम बसला. पायानं हवा भरायला लागला आणि आतून आधी धूळ आली, मग सूर. खरा, हवेतून निघालेला सूर! वायर नाही, बटण नाही. नानांनी लाकडाला हात टेकवला आणि काढेचनात. गौतमनं तो सोलो सुरू केला, पण भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली. निम्म्या पट्ट्या मुक्याच. सोलो फाटक्या कापडासारखा यायचा, जायचा.

गौतमचा चेहरा उतरला. "बाबा, असा अर्धा ऑर्गन दर रविवारी कसा वापरता?"

म्हातारबुवा म्हणाले, "जे सूर वाजत नाहीत ते आम्ही गातो."



*

नानांचा सगळ्यात लाडका ऑर्गनवाला म्हातारपणी भारतात येणार, पुण्यात वाजवणार, अशी बातमी आली. नानांनी तिकीट काढलं. मी त्यांना नवा शर्ट शिवून दिला. स्टेशनवर पोचवायला आम्ही तिघं गेलो, तर नाना लग्नाला निघाल्यासारखे लाजत होते!

पुण्यात हॉलच्या दारावर कागद लावलेला. कलाकार आजारी, कार्यक्रम रद्द.

लोक परतले. नाना परतले नाहीत. वॉचमनला म्हणाले, "ऑर्गन आलेला आहे का?" आलेला होता, स्टेजवर. वॉचमनला दया आली, त्यानं आत सोडलं. "पण हात लावायचा नाही, काका."

"नाही लावत," म्हणाले नाना. पहिल्या रांगेत, आपल्याच नंबरच्या खुर्चीवर बसले आणि वॉचमन उठवेपर्यंत बसून राहिले.

जळगावला आल्यावर आम्ही भीत भीत विचारलं, "मग? काय झालं, नाना?"

"दिसला," म्हणाले नाना. "चादर पांघरून झोपला होता."

तो कलाकार पुढे गेलाच. बातमी आली त्या आठवड्यात नाना दुकानावर आले नाहीत. आम्हीही काही लावलं नाही. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अक्का, शेजारी शांत शांत वाटतं हो." मला मशीन चालवता येईना.

*

आता शेवटचा. हा आम्ही फारसा कोणाला सांगत नाही.

अजिंठा बघून आलेले परदेशी लोक जळगाव स्टेशनवर गाडी पकडतात. असाच एक उंच, पांढऱ्या केसांचा गोरा म्हातारा दुपारी माझ्या दुकानात आला. बॅगेचा पट्टा तुटला होता. मी खुणेनं म्हटलं, बसा, शिवून देते. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. गौतमला सुट्टी होती, तो रफिकभाईंकडे बसून ऐकत होता. म्हातारा उठला आणि सरळ तिकडे गेला. बॅग हातात घेऊन मीही मागोमाग.

त्यानं बोट दाखवून विचारलं, ही पेटी वाजवू? खाली मांडी घालायला त्याला जमेना, म्हणून रफिकभाईंनी पेटी स्टुलावर ठेवली. त्याला दोन्ही हातांनी वाजवायचं होतं, मग भाता कोण मारणार? रफिकभाई पलीकडून भाता मारायला उभे राहिले.

आणि त्यानं सुरू केलं.

काय सांगू! आमची तीच साधी पेटी, ज्यावर शाळेतली पोरं सारेगम शिकतात. तिच्यातून तो ऑर्गन निघाला. तळातून उचलत नेलेला सूर, थांबणं, पुन्हा उसळणं. रफिकभाईंच्या कपाळावरून घाम टपकत होता आणि ते हसत होते. गौतमनं तोंडावर हात ठेवला होता.

नाना त्या दिवशी धुळ्याला, पुतणीच्या हळदीला. मी फोन लावला आणि पेटीजवळ धरला. मग नाना ओरडले, "थांबवा त्याले! मी निघनू!"

धुळ्याहून जळगाव म्हणजे दोन तास तरी. म्हाताऱ्याच्या गाडीला तेवढा वेळ नव्हता. आम्ही चहा पाजला. गौतमनं शेवभाजी मागवली. मी शिवलेला पट्टा उसवला आणि परत शिवला. दुसऱ्यांदा उसवायला लागले तेव्हा म्हाताऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला, घड्याळ दाखवलं आणि हसला. गौतमनं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, पण आम्हाला कोणालाच नीट कळलं नाही. रिक्षा वळेपर्यंत तो हात हलवत होता.

नाना आले तेव्हा ऊन उतरलं होतं. गालावर हळद तशीच. दारात उभे राहून त्यांनी आमचे चेहरे बघितले. आत आले. स्टुलावरची पेटी रफिकभाईंनी हलवली नव्हती.

"शेवटी कोणती पट्टी दाबली त्यानं?"

गौतमनं दाखवली.

नानांनी भात्याला हात लावला नाही. फक्त त्या पट्टीवर बोट टेकवलं आणि तसेच उभे राहिले. बाहेर भाजीवाली ओरडत गेली. मग नाना आमच्याकडे न बघता म्हणाले,

"आजून गरम शे."