ओमप्रकाशची सामाईक विहीर

देवळीच्या बसस्टँडसमोर ओमप्रकाशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवून द्यावं तर त्यानंच, असं सगळ्यांच्या आधी तोच सांगतो. हार्ड डिस्कचे हिस्से पाडताना तो वावराच्या वाटणीला बसल्यासारखा मांडी ठोकून बसतो. एक हिस्सा विंडोजला, एक लिनक्सला आणि तिसरा दोघांतूनही उघडता येईल असा, सामाईक. फोटो, कागदपत्रं त्यात ठेवायची. या तिसऱ्याला तो नाव देतो ‘विहीर’. गिऱ्हाइकानं मागो न मागो, विहीर पडतेच.

रीतच तशी आहे. वावर वाटलं तरी विहीर वाटत नाहीत, पाण्याच्या पाळ्या ठरवतात. अकरा वर्षांपूर्वीच्या वाटणीत थोरल्या भावानं, हिरालालनं, मात्र विहीर अख्खी स्वतःच्या हिश्श्यात घेतली. त्या उन्हाळ्यात ओमप्रकाशची वांगी उभ्यानं वाळली, आणि भावाभावांचं बोलणंही गेलं. मग त्यानं हे दुकान टाकलं.

परवा तोच हिरालाल लॅपटॉप घेऊन दुकानाशी आला. सोबत मुलगी आचल होती, त्यामुळे बोलायचं काम तिच्याकडे गेलं. तिला कॉलेजसाठी लिनक्स पाहिजे होतं, तिच्या भावाला, निकेशला, विंडोज. हिरालाल दारातच उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्या बसच्या पाट्या वाचत होता.

ओमप्रकाशनं दोन हिस्से पाडले आणि हात आखडता घेतला. अकरा वर्षं जळत होता तो. राहू दे यालेही कोरडं, म्हणून त्यानं काम तिथंच संपवलं.

आचलनं लॅपटॉप उघडून पाहिला. “काकाजी, विहीर कुठी हाय? माह्या साऱ्या मैत्रिणींले तुमी पाडून देल्ली. आमच्यातच काऊन नाई?”

ओमप्रकाशला खोटं बोलता येत नसे, आणि खरं सांगावं तर समोर पुतणी. त्यानं टेबलावरच्या दुसऱ्या एका लॅपटॉपचा स्क्रू उगाचच घट्ट केला.

“मीच त्याले देल्ली नोती, बाई,” हिरालाल दारातून म्हणाला. “चुकलंच माहं.”

ओमप्रकाशनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्यानं लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला.

“आता सारे हिस्से पुन्हा मोजा लागते,” तो म्हणाला. “दोन घंटे लागतीन.”

“लागू दे,” हिरालाल म्हणाला आणि चपला बाहेर काढून आत येऊन बसला.