कासारणीचा हात

वेल्ह्याच्या बाजारात एक कासारीण यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळ्या तिला मावशीच म्हणायच्या. बांगड्या भरण्याआधी ती समोरच्या बाईचा हात दोन्ही तळव्यांत धरून हलके दाबायची, मऊ करायची.

"बाई, हात लई भरलाय तुमचा," एकदा ती म्हणाली.

"वजन उतरायच्या गोळ्या चालू आहेत, मावशी. पुण्याच्या डॉक्टरांनी दिल्यात. सारखी लघवी होते. गोळी थांबली की वजन परत जागेवर."

"म्हंजी नुसतं पानीच की! माजी भोरच्या डाक्टरची गोळी लई जालीम. भूक न्हाई, झोप न्हाई. अंग उतरलं, गुडघं दुखायचं ऱ्हायलं. आता टोपली घिऊन वरच्या वाडीत जाते."

कोणत्या गोळीनं जास्त वजन उतरतं, एवढंच मी पाहत होते. तिच्या गोळीचं नाव विचारणार, तोच माझ्या मनगटावर बांगडी वाढली. मग दुसरी. सवाष्णीच्या हातावर फुटली म्हणायचं नसतं, पण मावशीचा चेहरा उतरला. तिची बोटं थरथरत होती.

पुढच्या बाजाराला ती लंगडत आली. डॉक्टरांना सांगून तिनं गोळी बंद केली होती.

"मग गुडघे, मावशी?"

"गुडघा दुखला तर दगडावर बसंन, बाई. हात थरथरला तर कुणाच्या दारात बसू?"

त्या दिवशी तिनं माझे दोन्ही हात भरले; एकही बांगडी वाढली नाही. मग टोपली डोक्यावर घेऊन ती वाडीच्या चढाला लागली. पहिल्याच दगडावर बसली, उठली, आणि पुढच्या दगडाकडे निघाली.