गोळीवरचं मेण

खाऊच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॉलिशचा ड्रम चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे पॉलिशकाका म्हणत. साखरेचं कवच चढलेल्या गोळ्या त्यांच्याकडे येत, तेव्हा खडूसारख्या खरखरीत असत. गोळ्या पुऱ्या कोरड्या होईस्तोवर ड्रम फिरवायचा आणि मग मधमाशीच्या मेणाची पूड बेतानं भुरभुरायची. घाई चालत नाही, आळस तर नाहीच. मेण कमी पडलं तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, जास्त झालं तर दातांवर बसतं. पारख एकच. ड्रममधली गोळी तोंडात टाकायची. जीभ घसरली पाहिजे, पण मेण जाणवता कामा नये.

वाकड्यातिकड्या गोळ्या विकल्या जात नसत. त्या काका खिशातून घरी न्यायचे. बायको दारातच हात पुढे करायची.

"आज कुठला रंग?"

चहापाण्याचं नंतर.

पोटातल्या गाठीनं ती गेली. आवराआवर करताना लेकीला फडताळात गोळ्यांची बरणी सापडली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, जन्मभर आईला मेण खायला घातलंत तुम्ही!"

एवढंच बोलली आणि दोन दिवसांनी आपल्या घरी निघून गेली. काकांच्या मात्र ते जिव्हारी लागलं. फोन यायचे, जायचे. औषध घेतलंत का, थंडी आहे का, संपलं. हा विषय काढायचा काकांचा धीर होईना. घरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसत, दुसरीवर वाळलेले कपडे.

लेक ते बोलली त्या दिवसापासून त्यांनी ड्रममधली गोळी तोंडात टाकणं सोडलं. नुसत्या नजरेनं ठरवायचे. नजर तयार होती, निभावलं. मग एका अख्ख्या ड्रमचा माल दुकानदारांकडून परत आला.

"काका, गोळी खातोय की मेणबत्ती, कळत नाही म्हणे," सुपरवायझर म्हणाला. "चाखली नव्हती का?"

"चाखली होती."

कामाच्या जागी ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

"मग आता चाखा." त्यानं परत आलेल्यातली एक पुढे केली.

"पथ्यावर आहेत काका!" पॅकिंगवाली हसली. "लग्नाबिग्नाचा बेत दिसतोय!"

काकांचं तोंड उघडेना. त्यांनी गोळी खिशात टाकली, हात धुतले आणि सुट्टी मागितली.

ते थेट बायकोवर उपचार केलेल्या डॉक्टरांकडे गेले. रांगेत बसले. नंबर आला.

"काय होतंय?"

"मला काही नाही. विचारायचं होतं. लेक म्हणाली तसं, गोळ्यांवरच्या मेणानं हिच्या पोटात गाठ झाली का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मेण बहुतेक पचतच नाही, काका. आलं तसं बाहेर जातं. आणि गोळीवर असतं तरी किती? खाण्यासाठीचं शुद्ध मेणच वापरता ना?"

"तेच. दुसरं मी ड्रमजवळ फिरकू देत नाही."

"मग त्या गाठीचा नि मेणाचा संबंध नाही. इतके दिवस हे घेऊन फिरताय? लेकीला मी सांगू का?"

"नको. मीच सांगतो."

वाटभर त्यांनी वाक्य जुळवलं. घरी येऊन दिवा न लावताच फोन केला.

"बाबा? या वेळी कसा फोन? बरं आहे ना?"

"डॉक्टरांना विचारून आलो. मेणानं नाही झालं ते."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कसलं मेण, बाबा?"

ती खरंच विचारत होती. तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

"बाबा? ऐकताय ना?"

"काही नाही गं. कामाचंच बोलत होतो. जेवलीस?"

"बसतेच आता. तुम्ही?"

"हो, मीही."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले. खिशातली गोळी काढली आणि तोंडात टाकली. मेण जास्तच झालं होतं, दाढेला चिकटून बसलं. उद्या सुपरवायझरला सांगायला हवं, चूक माझीच. अंधारात ते जिभेनं मेण खरवडत राहिले.

गोळीचा रंग बघायचा राहूनच गेला होता.