केळी आधी, नवरे मागून

दुसऱ्याचं बोलणं ऐन रंगात तोडावं ते फैजपूरच्या टपाल कचेरीत ट्रंक कॉल लावून देणाऱ्या नानांनीच. गावाबाहेर जाणारी लाइन एकच. केळीच्या व्यापाऱ्यांची वॅगनसाठीची ओरड, फौजदारांचे निरोप, लग्नामयताच्या तारा आणि माझं संसारी प्रेम, सगळं त्या एका तारेवरून जायचं. आधी कोणी जायचं ते नाना ठरवत, आणि त्यांच्या लेखी नवरा सर्वांत शेवटी. "केळं पिकतं, मास्तर. त्याला थांबता येत नाही. तुम्ही बसा," असं ते म्हणत, आणि वर्गात पोरांना नुसत्या डोळ्यांनी गार करणारा मी मुकाट बाकावर बसे.

बायको पहिल्या बाळंतपणासाठी धुळ्याला माहेरी गेली होती. सासऱ्यांच्या शेजारी कापसाच्या जिनिंगची कचेरी होती, तिथल्या फोनवर ती यायची. मी आठवडाभर घोटलेली वाक्यं घेऊन जाई. भाषेचा मास्तर ना मी! पण "तुझ्यावाचून हे घर..." इथवर येतोय तोच नाना मध्ये शिरत. "ताई, धरा जरा, एक तार सांगतो." आणि माझी भावना तशीच लोंबकळत ठेवून त्याच लाइनवर जळगावला खणखणीत आवाजात मजकूर सांगत, "घड लवकर उतरवा. भाव चढलाय." पलीकडून बायको घाबरून विचारी, "अहो, कसले घड? तब्येत बरी आहे ना तुमची?" ते कसले घड हे समजावण्यातच माझा वेळ संपे.

एके दिवशी सकाळी सासऱ्यांची तार आली: 'दवाखान्यात नेले.' बस्स, पुढे काही नाही. मी शाळा सोडून कचेरीत धावलो. पायांत दोन वेगळ्या चपला होत्या, हे मला नंतर विद्यार्थ्यांकडून कळलं. आत व्यापारी ताटकळले होते आणि दौऱ्यावरचे एक साहेब टेबलावर हात आपटत होते, "माझा कॉल अर्जंट आहे! सरकारी!"

नानांनी माझ्या हातातली तार वाचली, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"साहेब, तुमचा अर्जंट कागदावरचा शे," ते म्हणाले. "आधी मास्तर. बठ्ठा थांबा, एकूण एक!"

साहेब लाल झाले. एक व्यापारी उठून मला जागा देऊ लागला. लाइन लागली. पलीकडे सासरे ओरडत होते, "मुलगी झाली! दोघी सुखरूप!"

अख्खी लाइन माझी होती आणि मध्ये कोणी शिरत नव्हतं. मी घसा साफ करून विचारलं, "तिकडे हवा कशी काय आहे?"

नानांनी रिसीव्हर माझ्या हातून काढून घेतला. "आबा, मास्तर रडी ऱ्हायनात. आनंदानं. तुमच्या पोरीला सांगा." मग पाठ फिरवून पुढचा कॉल लावायला लागले.

नानांची नरडाण्याला बदली झाली, तेव्हा निघायच्या आधी ते घरी आले. पोरगी त्यांच्या मांडीवर पडल्या पडल्या जी किंचाळायला लागली ती थांबेचना. बायको तिला उचलायला धावली. नानांनी हातानंच तिला अडवलं.

"राहू द्या, ताई," ते हळूच म्हणाले. "तिचं पुरं होऊ द्या."

आणि मान खाली घालून, चहा निवेपर्यंत, ते ऐकत बसले.